पाण्यात म्हैस, वर मोल : कॅम्पच्या आधी एनएफएल संघाची ५३ नावं कशी ओळखायची

२०२२ च्या जुलैत आमच्या सांता क्लाराच्या ऑफिसात एक पाकीट फिरलं. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हा तिच्यातला आमचा संघ. प्रत्येकाने मोसमासाठी त्या संघात टिकतील अशा ५३ खेळाडूंची नावं लिहून त्यात टाकायची, ऑगस्टच्या शेवटी पाकीट उघडायचं आणि ज्याची सगळ्यांत कमी नावं बरोबर येतील त्याने टीमला जेवण द्यायचं. मला अमेरिकेत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. खेळ कळायला लागला होता, कुठे ओरडायचं आणि कुठे डोक्याला हात लावायचा हेही कळत होतं. पण संघ बनतो कसा, याचा काही पत्ता नव्हता. क्रिकेटसारखंच असेल, चांगले चांगले उचलायचे, असं धरून मी एका संध्याकाळी यादी संपवली. जेवण अर्थातच मी दिलं. वर माझ्या यादीत लाँग स्नॅपरच नव्हता. म्हणजे माझ्या संघाला पंट मारायची, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्या संघाला द्यायची, वेळ आली असती, तर चेंडू मागे फेकायला माणूस नव्हता.

त्यानंतर दरवर्षी यादी करते आहे. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी पहिल्या वर्षी एवढंच म्हणाले होते, "चांगला कोण हे विचारू नकोस. हा नसला तर संघाचं कुठे अडेल, ते विचार." पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं आहे.

आधी एवढं माहीत असू द्या

एनएफएलचे ३२ संघ उन्हाळ्यात प्रत्येकी ९० खेळाडू बाळगू शकतात. परदेशी खेळाडूंसाठीच्या योजनेतला एखादा असेल तर ९१. जूनच्या मध्यात मिनीकॅम्प, म्हणजे छोटं सराव-शिबिर, आटोपतो, संघ सुट्टीवर जातो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेनिंग कॅम्प सुरू होतो. मग सरावाचे तीन सामने आणि ऑगस्टअखेरच्या मंगळवारी छाटणी : २०२४ मध्ये २७ ऑगस्टला, २०२५ मध्ये २६ ऑगस्टला. ईस्टर्न वेळेनुसार दुपारी चारच्या आत ९० चे ५३ करायचे. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून एकदाच होते, म्हणजे प्रत्येक संघातून निदान ३७ जण आणि सगळ्या लीगमधून सुमारे १,१८४ जण एका फटक्यात बाहेर. दुसऱ्या दिवसापासून संघ १६ जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड, म्हणजे ५३ च्या बाहेरचा सरावाचा राखीव चमू, बांधतात. त्यात बहुतेक हेच कालचे काढलेले असतात.

आपली यादी मिनीकॅम्प आणि कॅम्प यांच्यामधल्या रिकाम्या सहा आठवड्यांत करायची. कोणी पॅड घातलेले नाहीत, कोणी कोणाला आडवं केलेलं नाही. पाण्यात म्हैस आणि वर मोल, तसलाच हा प्रकार. तरी मोल करता येतं, कारण पन्नासातल्या बऱ्याच जागा मैदानाबाहेर आधीच ठरलेल्या असतात.

लागणारं साहित्य

- संघाच्या संकेतस्थळावरची ९० जणांची ताजी यादी. जूनमध्ये उतरवून ठेवलेली जुलैत शिळी होते.
- करारांचा तपशील. ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन्ही ठिकाणी तो खेळाडूवार मिळतो.
- मागच्या मोसमाचे स्नॅप काउंट, म्हणजे कोण किती वेळा मैदानात होता त्याची मोजदाद. प्रो फुटबॉल रेफरन्सवर ऑफेन्स (चढाई), डिफेन्स (बचाव) आणि स्पेशल टीम्स (चेंडू लाथेने मारायच्या वेळचे चमू) असे तीन वेगळे रकाने असतात. तिसऱ्या रकान्याकडे माझं पहिल्या वर्षी लक्षच गेलं नव्हतं.
- त्याच प्रशिक्षकाच्या हाताखालच्या मागच्या तीन वर्षांच्या पहिल्या ५३ जणांच्या याद्या.
- संघाबरोबर रोज असणारे दोन-तीन स्थानिक वार्ताहर. देशभराच्या वाहिन्यांवरचे पंडित या कामाला उपयोगाचे नाहीत. त्यांना ३२ संघ बघायचे असतात, आणि तुमच्या संघाचा सहावा कॉर्नरबॅक कोण हे त्यांच्या गावीही नसतं.
- एक स्प्रेडशीट. वहीसुद्धा चालेल, पण खोडरबर लागेल.

१. ९० जणांची फळ्यांप्रमाणे वाटणी करा

यादी अक्षरवार किंवा जर्सीच्या नंबरप्रमाणे मिळते. ती जागेप्रमाणे लावून घ्या. नंबरांवर विसंबू नका, कारण उन्हाळ्यात एकच नंबर दोघांना दिलेला असतो, एक ऑफेन्सचा आणि एक डिफेन्सचा. पहिल्यांदा मी दोघांना एकच समजले होते आणि माझे ९० जण काही केल्या भरत नव्हते.

मग हा साचा समोर ठेवा : क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) २, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ४, वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) ६, टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही) ३, ऑफेन्सिव्ह लाइन (पुढची भिंत) ९, हे झाले ऑफेन्सचे २४. डिफेन्सिव्ह लाइन १०, लाइनबॅकर (तिच्या मागचा) ६, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) ६, सेफ्टी (सगळ्यांत मागचा) ४, हे डिफेन्सचे २६. उरलेले तिघे किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर. बेरीज ५३.

कुठलाच संघ या साच्यात तंतोतंत बसत नाही. पण इथून सुरुवात केली की एक शिस्त लागते : कुठे सातवा रिसीव्हर घ्यावासा वाटला, तर तो कोणाच्या ताटातला घास आहे हे लगेच सांगावं लागतं. नवशिक्यांच्या याद्या इथेच फसतात. प्रत्येक फळीत "हाही बरा आहे" म्हणत एकेक वाढवत गेलं की शेवटी ५८ होतात, आणि मग दमून जे पाच जण उडवले जातात ते नेमके ज्यांची नावं परिचयाची नाहीत असे असतात. कोचला ती नावं चांगली परिचयाची असतात.

२. साचा तुमच्या संघाच्या मापाचा करून घ्या

मागच्या तीन वर्षांच्या याद्या इथे कामाला येतात. फोर्टीनाइनर्सचं उदाहरण घ्या. काइल शानाहान २०१७ पासून मुख्य प्रशिक्षक आहे आणि त्याच वर्षापासून काइल यूझचेक हा फुलबॅक, म्हणजे मुख्यतः रनिंग बॅकची वाट मोकळी करणारा, संघात आहे. कित्येक संघांनी फुलबॅक नावाचा प्राणीच बाळगणं सोडून दिलंय. इथे मात्र ती जागा धरूनच मोजायला हवी, म्हणजे चौथ्या रनिंग बॅकची वाट तेवढी अरुंद होते.

डिफेन्समध्ये नव्या माणसाला आणखी एक गोष्ट फसवते. कागदावर चार डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नर आणि सेफ्टी मिळून) आणि तीन किंवा चार लाइनबॅकर दाखवतात. प्रत्यक्षात आजकाल बहुतेक संघ निम्म्याहून जास्त वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक घेऊन खेळतात. तिसरा कॉर्नर हा राखीव नसतो, तो रोजचा कामगार असतो. तिसरा लाइनबॅकर उलट बराच वेळ बाकावर. तेव्हा "२२ सलामीवीर आणि प्रत्येकाला एक बदली" हा हिशोब मनातून काढून टाका.

प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर नवा आला असेल तर जुन्या याद्या बाजूला ठेवा आणि तो आधी जिथे होता तिथल्या काढा. माणूस सवयी बरोबर घेऊन येतो.

३. काळ्या दगडावरच्या रेघा ओढा

ज्यांच्याबद्दल वादच नाही त्यांची नावं आधी लिहून टाका : मोठे करार, मागच्या वर्षी भरपूर स्नॅप खेळलेले, यंदाच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, पहिल्या तीन फेऱ्यांतले. साधारण ३८ ते ४२ नावं होतील. यात डोकं लावू नका आणि यात शहाणपणाचं श्रेयही घेऊ नका. ही नावं कोणीही लिहील. पहिल्या वर्षी माझी ४३ बरोबर आली म्हणून मी फुशारले होते. मग कळलं की ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टने नुसतं संकेतस्थळ बघून ४५ आणली आहेत.

४. करार वाचा

समजा एका लाइनबॅकरला तीन वर्षांचा करार देताना संघाने ६० लाख डॉलर सही-बोनस दिला. पैसे त्याच्या हातात लगेच पडले, पण वेतनमर्यादेच्या हिशोबात ते वर्षाला २० लाख असे पसरतात. पहिल्या वर्षानंतर त्याला काढलं, तर न मोजलेले ४० लाख संघाच्या हिशोबात येऊन बसतात. खेळाडू गेला तरी पैसे उरतात, म्हणून त्याला डेड मनी म्हणतात. १ जूननंतर काढलं तर त्यातले २० लाख यंदा आणि २० लाख पुढच्या वर्षी. आपण जुलैत आहोत, म्हणजे १ जून उलटून गेलेला आहे. मार्चमध्ये ज्याला काढणं परवडत नव्हतं, तो आता परवडू शकतो.

तेव्हा प्रत्येक शंकास्पद नावापुढे दोनच आकडे लिहा : काढला तर वाचतील किती, आणि बुडतील किती. बुडणारे जास्त असतील तर तो बहुधा राहतो. वेतनमर्यादा २०२५ मध्ये २७.९२ कोटी डॉलर होती. त्यात पाच-दहा लाखांचं काय, असं वाटेल. पण तळाच्या जागांवर भांडण तेवढ्याचंच असतं.

ड्राफ्ट न झालेल्या नवख्यांसाठी एक खूण सांगते, ती मला फार उपयोगी पडली. संघ त्यांना किती रकमेची हमी देतो ते बघा. २०२५ मध्ये प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या नवख्याला आठवड्याला १३,००० डॉलर मिळत होते. अठरा आठवड्यांचे होतात २ लाख ३४ हजार. एखाद्या नवख्याला त्या आसपासची हमी दिलेली दिसली, तर संघाने त्याच्यासाठी निदान प्रॅक्टिस स्क्वॉडची जागा मनात धरून ठेवली आहे असं समजा. दहा-वीस हजारांची हमी असलेला मुलगा बहुतेक सरावाला माणसं पुरावीत म्हणून आलेला असतो. अपवाद असतातच, पण यादी अपवादांवर चालत नाही.

पैसा दिशा दाखवतो, निकाल देत नाही. नेट सडफेल्ड या क्वार्टरबॅकला २०२२ मध्ये फोर्टीनाइनर्सनी २० लाख डॉलरची पक्की हमी दिली होती. मी ते वाचून त्याचं नाव शाईने लिहिलं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

५. जे ५३ मध्ये मोजलेच जात नाहीत त्यांना वेगळं काढा

ही पायरी वगळणारे दरवर्षी दोन-तीन नावांनी मार खातात. संघाच्या ताब्यात राहूनही ५३ मध्ये न मोजला जाणारा खेळाडू असू शकतो. त्याच्या वाटा अशा :

पीयूपी यादी. जुनी दुखापत घेऊन कॅम्पला आलेला खेळाडू तिथे बसतो. मोसम सुरू होतानाही तिथेच राहिला तर निदान पहिले चार सामने मुकतो आणि जागा अडवत नाही. अट अशी, की कॅम्पमध्ये एकदा जरी सरावाला उतरला तर ही वाट बंद. म्हणून कॅम्पच्या पहिल्या दिवशी कोण सरावाला नाही, ही बातमी सोन्यासारखी असते.

एनएफआय यादी. दुखापत एनएफएलच्या बाहेर, समजा कॉलेजात, झाली असेल तर ही. फोर्टीनाइनर्सनी २०२२ च्या सहाव्या फेरीत घेतलेल्या कलिया डेव्हिसचा गुडघा कॉलेजात असतानाच गेला होता. त्याला या यादीवर ठेवलं. मी मात्र त्याला ५३ मध्ये मोजून बसले होते.

जखमींची राखीव यादी, म्हणजे आयआर. २०२४ पासून छाटणीच्याच दिवशी दोघांना "परत येणार" असा शिक्का मारून तिथे पाठवता येतं. त्याआधी असा खेळाडू आधी ५३ मध्ये ठेवावा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी हलवावा लागायचा. जुन्या याद्या चाळताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर एखादा जखमी खेळाडू चौथा सेफ्टी म्हणून का ठेवला होता याचं कोडं पडेल.

लीगने निलंबित केलेलेही तेवढ्या काळापुरते मोजले जात नाहीत. जुलैपर्यंत ही नावं सहसा जाहीर झालेली असतात.

६. शेवटच्या दहा जागा : इथेच खरा खेळ आहे

आता तुमच्याकडे चाळीस-एक पक्की नावं आणि दहा-बारा रिकाम्या जागा आहेत, आणि त्यांच्यासाठी पंचवीसेक उमेदवार. इथे हायलाइटचे व्हिडिओ बघत बसू नका. रविवारचा विचार करा.

५३ पैकी सामन्याच्या दिवशी ४८ जणच गणवेशात असतात, आणि तेही आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन सज्ज ठेवले तर. नाहीतर ४७. म्हणजे दर रविवारी पाच-सहा जण साध्या कपड्यांत उभे. पाचवा रिसीव्हर किंवा चौथा रनिंग बॅक सामन्यात चेंडूला हात लावेल की नाही याची खात्री नसते. मग त्याला गणवेश द्यायचा कशासाठी? किकऑफला धावण्यासाठी, पंटच्या वेळी गनर म्हणून कडेने सुसाट जाऊन परतणाऱ्याला पाडण्यासाठी, पंटरच्या पुढे भिंत होऊन उभं राहण्यासाठी. याला स्पेशल टीम्स म्हणतात, आणि तळाच्या जागांचा दरवाजा या कामाच्या किल्लीने उघडतो.

तर करायचं असं. स्नॅप काउंटचा तिसरा रकाना उघडा आणि असे खेळाडू शोधा ज्यांचा डिफेन्समधला वाटा नगण्य आहे, पण स्पेशल टीम्समधला निम्म्याहून जास्त. संघ अशा माणसाला उगाच इतकं पळवत नाही. जॉर्ज ओडम हा सेफ्टी २०२२ मध्ये इंडियानापोलिसहून फोर्टीनाइनर्सकडे आला. २०२० मध्ये तो स्पेशल टीम्ससाठी ऑल-प्रो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांत, निवडला गेला होता. डिफेन्सच्या चार्टवर त्याचं नाव मागेच होतं, म्हणून आमच्या ऑफिसात तिघांनी त्याला काटला. संघाने त्याला त्याच कामासाठी आणला होता, तो कसला जातोय!

उलट बाजूही बघा. मागच्या वर्षी स्पेशल टीम्सचे स्नॅप कोणाचे होते आणि त्यांतलं कोण संघ सोडून गेलं? पाच प्रमुख धावणाऱ्यांपैकी तिघे गेले असतील तर ती तीन कामं रिकामी आहेत. यंदाच्या पाचव्या-सहाव्या फेरीतले लाइनबॅकर आणि सेफ्टी बहुधा तिथे बसवायलाच घेतलेले असतात.

२०२४ पासून किकऑफचा नियम बदलला. दोन्ही बाजूंचे खेळाडू आता जवळजवळ समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू परत घेऊन धावणं वाढलं. २०२५ मध्ये टचबॅकनंतर, म्हणजे किकऑफ परतवलाच गेला नाही तर, चेंडू ३५ यार्डच्या रेषेवर मिळायला लागला, तेव्हा किकरलाही चेंडू मैदानात ठेवण्यात फायदा दिसू लागला. पूर्वी नुसता परतवणारा खेळाडू बाळगणं चैन होती. आता रिसीव्हरच्या फळीत सहाव्या जागेसाठी दोघे सारखेच असतील, तर मी डोळे मिटून परतवणाऱ्याला घेते.

ड्राफ्टच्या फेरीचा मान किती ठेवायचा, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. माझं मत : यंदा घेतलेल्याला भरपूर मान, मागच्या वर्षी घेतलेल्याला निम्मा. ट्रे सर्मन या रनिंग बॅकला २०२१ च्या तिसऱ्या फेरीत फोर्टीनाइनर्सनी दुसऱ्या संघाशी सौदा करून, निवडीत वर सरकून घेतलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तिसऱ्याच फेरीत टाय डेव्हिस-प्राइस हा दुसरा रनिंग बॅक घेतला. संघाच्या मनात काय आहे हे त्या दिवशीच दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही. ऑगस्टअखेर सर्मन पहिल्या ५३ मध्ये होता, पण दुसऱ्याच दिवशी सुटला. टिकला कोण, तर ड्राफ्टच न झालेला जॉर्डन मेसन. या मेसनने २०२४ च्या पहिल्या सामन्यात १४७ यार्ड काढले.

७. वेव्हरची भीती किती धरायची

चार मोसम पूर्ण न झालेला खेळाडू काढला की तो थेट मोकळा होत नाही. आधी वेव्हरवर जातो आणि बाकीचे ३१ संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात. कोणी न सांगितला, तर तो आपल्याच प्रॅक्टिस स्क्वॉडवर परत येऊ शकतो. म्हणून नवशिके म्हणतात, "याला काढला तर दुसरे पळवतील, त्यामुळे ठेवतीलच."

ही भीती थोडी धरावी, जास्त धरू नये. त्या बुधवारी हजारावर नावं बाजारात असतात, आणि दुसऱ्याचा माणूस घ्यायचा तर स्वतःचा एक काढावा लागतो. उचलले जातात ते मोजकेच. कधी उचलले जातात हेही खरं : सर्मनला फिलाडेल्फियाने उचललं, आणि त्याच आठवड्यात सहाव्या फेरीतल्या टॅरिक कॅस्ट्रो-फील्ड्सला वॉशिंग्टनने. तरी मी एका यादीत वेव्हरच्या भीतीने दोनपेक्षा जास्त जणांना ठेवत नाही.

चार मोसम पूर्ण झालेल्या जुन्या खेळाडूंची गोष्ट निराळी. ऑगस्टमध्ये त्यांना वेव्हर लागू नसतो. काढले की ते लगेच मोकळे, कोणाशीही बोलू शकतात. त्यामुळे संघ त्यांच्याशी खासगीत ठरवतो : आज तुला काढतो, दोन दिवस घरी बस, जागा झाली की बोलावतो. शिवाय असा खेळाडू पहिल्या सामन्याला यादीत असला तर त्याचं वर्षाचं वेतन व्यवहारात संघाच्या गळ्यात पडतं, म्हणून काहींना मुद्दाम दुसऱ्या आठवड्यात बोलावतात.

२०२२ चं टशॉन गिप्सनचं प्रकरण मी नव्या माणसाला नेहमी सांगते. जुलैत तो फोर्टीनाइनर्सच्या ९० मध्येही नव्हता. ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आला, छाटणीत निघाला, प्रॅक्टिस स्क्वॉडवर गेला. दरम्यान सेफ्टी जिमी वॉर्डचा हॅमस्ट्रिंग दुखावल्याने त्याला आयआरवर पाठवलं. पहिल्या सामन्याला मैदानात कोण? गिप्सन. त्या मोसमात त्याने पाच इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्यांनी फेकलेले चेंडू मधेच झेलले. आमच्या पाकिटातल्या एकाही यादीत त्याचं नाव नव्हतं, असायला वावही नव्हता. तुमच्याही यादीतल्या एक-दोन जागा अशा माणसांच्या आहेत, जे आज दुसऱ्या गावात किंवा घरी सोफ्यावर आहेत. त्या चुकणारच. त्यावर झोप घालवू नका.

८. तिसरा क्वार्टरबॅक

या एका जागेला वेगळी पायरी देते आहे. कारण माझी पहिली यादी इथेच बुडाली.

२०२२ च्या जुलैत चित्र असं : ट्रे लान्स पहिला, हे ठरलेलं. जिमी गरॉपोलोच्या खांद्यावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झालेली, संघ त्याला विकायला काढून बसलेला. कॅम्पमध्ये तो बाजूच्या मैदानावर एकटा चेंडू फेकत असे. सडफेल्डला २० लाखांची हमी. आणि ब्रॉक पर्डी, ड्राफ्टमधला २६२वा, अगदी शेवटचा खेळाडू. मी लिहिलं : लान्स, सडफेल्ड. पर्डी प्रॅक्टिस स्क्वॉडवर, गरॉपोलो परगावी.

गरॉपोलोला गिऱ्हाईक मिळालं नाही. २९ ऑगस्टला कमी पैशांत नवा करार करून तो राहिला. सडफेल्डला त्याच्या २० लाखांसकट निरोप मिळाला आणि पर्डी तिसरा म्हणून राहिला. दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. ४ डिसेंबरला गरॉपोलोचं पाऊल मोडलं. पुढचा मोसम त्या २६२व्या माणसाने ओढला, थेट एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत. २९ जानेवारी २०२३ ला फिलाडेल्फियात त्याचं कोपर गेलं, बदली जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, आणि संघाकडे धड चेंडू फेकणारा माणूस उरला नाही. ३१-७ असे हरले.

त्या सामन्यानंतर लीगने नियम केला : तिसरा क्वार्टरबॅक सामन्याच्या दिवशीच्या संख्येत न मोजता आणीबाणीसाठी सज्ज ठेवता येईल. मात्र २०२३ मध्ये त्याला अट होती, की तो ५३ मध्ये असला पाहिजे. तेव्हापासून क्वार्टरबॅकच्या फळीत दोन लिहायचे की तीन, याचा मी तीनदा विचार करते. तीन प्रश्न विचारा : पहिला क्वार्टरबॅक दुखापतीतून उठतोय का? तिसरा तरुण आणि यंदाचाच ड्राफ्ट आहे का? दुसऱ्याला विकायचा विचार चालू आहे का? दोन उत्तरं "हो" आली तर तिघे लिहा. न्यू इंग्लंडने २००० मध्ये तर चार ठेवले होते, आणि चौथा होता सहाव्या फेरीतला टॉम ब्रेडी. पण एवढ्यावरून दरवर्षी चार लिहू नका.

९. कुठे पाय घसरतो

जूनच्या बातम्या. त्या सरावांत धक्काबुक्कीला बंदी असते, अंगावर पॅड नसतात. साहजिकच रिसीव्हर चमकतात, आणि लाइनमन कसे आहेत ते कोणालाच दिसत नाही. "जूनमध्ये अमुक रिसीव्हर सगळ्यांच्या डोळ्यांत भरला" अशी बातमी दरवर्षी येते. मी ती वाचते, आनंद मानते आणि यादीला हात लावत नाही. त्याच बातमीत "तो पहिल्या फळीबरोबर पंट परतवत होता" असं वाक्य असेल, तर मात्र लावते.

आडनावाचं प्रेम. कॉलेजात नावाजलेला, जर्सी विकत घेतलेला, मुलाच्या खोलीत पोस्टर असलेला. माझ्याकडे होती एक जर्सी.

वय विसरणं. तिशीतला राखीव खेळाडू आणि तेवढाच बरा बावीस वर्षांचा नवखा यांत संघ जवळजवळ नेहमी स्वस्त आणि तरुण निवडतो. २०२५ मध्ये नवख्याचं किमान वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. अनुभवी माणसाचं किमान त्याहून बरंच वर जातं.

आणि लाँग स्नॅपर. २०२२ मध्ये त्याचं नाव टेबर पेपर होतं. मी ते आता विसरणार नाही.

१०. तारीख टाका, मग गुण द्या

यादी पूर्ण झाली की वर तारीख लिहा आणि पुन्हा हात लावू नका. कॅम्प सुरू झाल्यावर, सरावाच्या दुसऱ्या सामन्यानंतर हवी तर दुसरी यादी करा, पण पहिली तशीच ठेवा. प्रत्येक शंकास्पद नावापुढे एका ओळीत कारण लिहा : "पंट परतवतो", "काढला तर १२ लाख बुडतात", "पीयूपीवर जाईल". नावं चुकली तरी चालतात, पण कारण कुठे चुकलं ते कळायला हवं. मी सडफेल्डपुढे नुसतं "पैसा" लिहिलं होतं. आता तसा एकच शब्द दिसला की मी थांबते.

गुण ५३ पैकी मोजू नका. पक्की नावं वगळून उरलेल्या दहा-बारांतली किती आली, तेवढंच मोजा. निम्मी आली तर चांगलं. ते ज्येष्ठ सहकारी तीस वर्षं हे करतायत, त्यांची कधी आठ येतात, कधी चार.

भारतातून बघत असाल तर छाटणीची मुदत तुमच्या घड्याळात मंगळवारची रात्र उलटून बुधवारी पहाटे दीडला संपते. जागायची गरज नाही. बरीच नावं आदल्या दोन दिवसांत वार्ताहरांकडून फुटलेली असतात, आणि बुधवारी रात्री वेव्हरचे निकाल आले की यादी पुन्हा हलते. ऑफिसातलं पाकीट आम्ही मंगळवारी उघडत असू. सर्मन प्रकरणानंतर ते गुरुवारी उघडायचं ठरलं, आणि जेवणाची जागा हरणाऱ्याने निवडायची असाही एक पोटनियम मी मंजूर करून घेतला.